मौलाना आणि महाराजांकडे कुटुंब नियोजनाचा विषय कसा न्यावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मराठवाड्यातल्या एका उपकेंद्रात तुम्ही समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नव्याने रुजू झाला आहात. हद्दीत दोन मशिदी, एक विठ्ठल मंदिर आणि एक बुद्धविहार आहे. ऑपरेशनच्या केसेस होतात, पण दोन मुलांत अंतर ठेवायची साधनं फारसं कोणी घेत नाही. आशाताई घरी गेल्या की "आमच्या धर्मात चालत नाही" एवढं ऐकून परत येतात. आता वरून सूचना आली आहे की धर्मगुरूंना सोबत घ्या. त्यांना भेटायचं कसं, त्यांच्याकडून काय बोलून घ्यायचं आणि त्यांनी नाही म्हटलं तर पुढे काय, हे तुम्हाला हवं आहे.

मी या कामात वीसेक वर्षं आहे. आधी मालेगावात होते, नंतर परभणी-बीडकडच्या गावांत, आणि बराचसा काळ आशाताई व नर्सताईंच्या प्रशिक्षणात गेला. त्यावरून सांगते. तुमच्या प्रश्नात धर्मगुरू दुसऱ्या नंबरवर येतात. पहिल्या नंबरवर "धर्मात चालत नाही" हे वाक्य येतं. ते म्हणणाऱ्या बाईला नेमकं काय अडतंय, हे आधी शोधायला हवं.

कारण हे वाक्य फार सोयीचं आहे. ते म्हटलं की आशाताई गप्प होते, कोणाचा अपमान होत नाही आणि घरातलं काही सांगावं लागत नाही. मी आशाताईंना एक प्रश्न शिकवते: "समजा चाललं असतं, तर यातलं कोणतं घेतलं असतंस?" मग खरं बाहेर पडतं. एक म्हणते, तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी) पोटात वर चढते, माझ्या जावेला त्रास झाला होता. दुसरी म्हणते, इंजेक्शनने पाळी थांबते आणि घाण रक्त आत साचतं. तिसरी सासूकडे बघते आणि बोलतच नाही. चौथी म्हणते, दोन्ही मुलीच आहेत, अजून कशाला विषय काढता. यातल्या एकाही अडचणीचं उत्तर मौलानांकडे किंवा महाराजांकडे नाही. भीतीचं उत्तर तुमच्याकडे आहे, सासूचं उत्तर सासूशी बोलण्यात आहे. ज्या बाईला खरोखर वाटतं की हे केलं तर आपण अल्लाहचे गुन्हेगार ठरू, किंवा देवाने दिलेलं नाकारलं असं होईल, तिच्यासाठी मात्र धर्मगुरूचा शब्द लागतो. तिथे तुमच्या शंभर पत्रकांचा उपयोग नाही.

म्हणून धर्मगुरूकडून मागायची गोष्ट छोटी ठेवा. त्यांनी साधनांची माहिती द्यावी, लहान कुटुंबाचा प्रचार करावा, शिबिराला गर्दी जमवावी, असलं काही मागू नका. दोन बाळंतपणांत अंतर ठेवणं धर्माविरुद्ध नाही आणि बाईच्या तब्येतीची काळजी घेणं घरच्यांचं कर्तव्य आहे, एवढं त्यांनी आपल्या शब्दांत म्हटलं की त्यांचं काम झालं. कोणतं साधन, कधी, त्रास झाला तर काय, हे तुमच्या खोलीत, दार लावून, फक्त त्या बाईशी बोलायचं.

आता पुढचं बरंच काही गावावर अवलंबून आहे. मशिदीतले इमाम कोण आहेत ते बघा. लहान गावांत अनेकदा बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला तरुण हाफिज तुटपुंज्या पगारावर इमामत करत असतो. तो भला असला तरी ट्रस्टच्या लोकांना न विचारता जुम्म्याच्या बयानात नवा विषय काढू शकत नाही. त्याला एकट्याला गाठून आग्रह केलात तर त्याची नोकरी धोक्यात येईल. तिथे आधी विश्वस्तांकडे जायचं, आणि त्यात एखादा निवृत्त शिक्षक किंवा मेडिकलवाला असेल तर त्याच्यापासून सुरुवात करायची. शहरात किंवा तालुक्याच्या गावी मोठा मदरसा असेल, तिथल्या मुफ्तींना लोक मानत असतील, तर गोष्ट वेगळी. आणि तुमच्या दोन मशिदी एकाच मसलकच्या, म्हणजे पंथाच्या, आहेत की नाहीत हेही विचारून घ्या. देवबंदी, बरेलवी, अहले हदीस यांच्यात एकाच्या आलिमने (धर्मपंडिताने) लिहिलेलं पत्रक दुसऱ्याच्या मशिदीत नेलं की विषय तिथेच संपतो. दोन्हीकडे स्वतंत्र जा, रिकाम्या हाताने जा.

जाण्याआधी मात्र आपलं घर तपासायचं. पहिलं म्हणजे साठा. 'अंतरा' नावाची गर्भनिरोधक इंजेक्शनं, 'छाया' नावाच्या गर्भनिरोधक गोळ्या, तांबी, निरोध, आणि तांबी बसवायला हात बसलेली सिस्टर हे सगळं पुढचे सहा महिने मिळणार आहे का? मौलानांनी शुक्रवारी शब्द टाकला आणि सोमवारी आलेल्या बाईला "औषध संपलंय, पुढच्या महिन्यात या" असं ऐकावं लागलं, तर पडतं ते मौलानांचं तोंड. ते पुन्हा तुमच्यासाठी बोलणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल.

दुसरं, आपल्या लोकांची भाषा. आपल्याच कर्मचाऱ्यांच्या मनात "ते लोक ऐकतच नाहीत" हे पक्कं बसलेलं असतं आणि ते समोरच्याला लगेच कळतं. आकडे त्यांच्यासमोर ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये देशात मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती, २०१९-२१ मध्ये ती २.४ वर आली. हिंदूंमध्ये याच काळात ३.३ वरून १.९. म्हणजे दोन्हीकडे मुलं कमी होतायत आणि दोन समाजांतला फरकही घटतोय. महाराष्ट्राचा एकूण दर १.७ आहे. तेव्हा "लोकसंख्या" हा शब्द मशिदीच्या, मंदिराच्या, कुठल्याच दारात काढू नका. तो शब्द काढला की ऐकणाऱ्याला आणीबाणी आठवते. १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्याच राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, पण तेव्हाची धरपकड गावागावांतल्या म्हाताऱ्या माणसांना आजही आठवते. त्यात सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्याला पंचायतीची निवडणूक लढता येत नाही. म्हणून कुटुंब नियोजन म्हणजे सरकारची अट, हे लोकांच्या डोक्यात आहेच. तुम्ही आईच्या तब्येतीचं बोला. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. एक बाळंतपण झाल्यावर पुढचे दिवस राहण्याआधी किमान दोन वर्षं मध्ये जावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. एवढं पुरेसं आहे.

मौलानांच्या भेटीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळे तिथेच घाबरतात. वेळ असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजनंतरची घ्या, जुम्म्याच्या दिवशी नको. सोबत एखादी वयस्क आशाताई किंवा त्या मोहल्ल्यातली शिक्षिका असू द्या. डोक्यावर पदर किंवा ओढणी, आणि बोलणं सरळ. "तुम्ही हे सांगा" म्हणून सुरुवात करू नका, विचारायला जा. "हजरत, बायका आम्हाला विचारतात की दूध पाजत असताना पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून औषध घेतलं तर चालेल का. आम्ही काय उत्तर द्यावं?" हा प्रश्न त्यांच्या विद्येचा आहे. बहुतेक आलिम इथे स्वतःच अज़लची हदीस काढतात: सहाबांपैकी, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांपैकी, जाबिर यांनी सांगितलंय की कुरआन उतरत होतं त्या काळात आम्ही अज़ल करत होतो. बाहेर वीर्य सोडण्याची ती पद्धत, आणि तिच्यावरून पुढच्या फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्र्यांनी, बरीच चर्चा केली आहे. इमाम ग़ज़ालींनी बाईच्या तब्येतीचा विचारही वैध कारणांत धरला आहे. सूरह बकराच्या २३३व्या आयतीत मुलाला पूर्ण दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे, तोही निघतो.

उलट बाजूही निघेल. गरिबीच्या भीतीने मुलांना मारू नका, ही आयत कोणीतरी म्हणेल. भरपूर मुलं देणाऱ्या स्त्रीशी लग्न करा, ही हदीसही म्हणतील. तुम्ही वाद घालू नका. आयतीचा अर्थ सांगणं आपलं काम नाही, आणि आरोग्य खात्याच्या बाईने तो सांगितलेला कोणालाच आवडत नाही. १९८८ मध्ये कुवेतला भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक़्ह अकादमीने नवरा-बायकोच्या संमतीने तात्पुरतं अंतर ठेवणं मान्य केलं, पण गरज नसताना कायमची नसबंदी अमान्य केली. हे तुमच्या माहितीसाठी. तो कागद दाखवायला नेऊ नका, आपल्या मदरशाबाहेरच्या ठरावाने कोणी मत बदलत नाही. फक्त त्यातून एक धडा घ्या: मौलानांकडे ऑपरेशनचा विषय नेऊच नका. दोन मुलांतल्या अंतराचा विषय न्या. तिथे तुमची आणि त्यांची वाट बऱ्यापैकी एक आहे.

मग ते प्रश्न विचारतील, आणि प्रश्न चांगले असतात. तांबी म्हणजे राहिलेला गर्भ पाडणं तर नाही? याचं उत्तर ठाम द्या: तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात आणि बीजापर्यंत पोचत नाहीत, म्हणजे गर्भ राहण्याआधीच ती काम करते. मूल पुन्हा होईल ना? तांबी काढली की लगेच होऊ शकतं. अंतराचं इंजेक्शन मात्र तीन महिन्यांचं असलं तरी शेवटच्या डोसनंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. हे लपवू नका. लपवलं आणि नंतर कळलं तर सगळंच खोटं वाटेल.

माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी प्रश्न कोणी विचारतच नाही, तो आपणच विचारायचा. अंतरा सुरू केल्यावर पहिले काही महिने बाईच्या अंगावरून मध्येच जातं, डाग पडत राहतात, कधी पंधरा-पंधरा दिवस. तांबीने पाळीत जास्त दिवस जातं. आपण म्हणतो, घाबरू नका, शरीराला सवय होईल. पण बाईला फक्त तब्येतीची भीती नसते. तिला कळत नाही की नमाज पढायची की नाही, रोजा धरायचा की नाही, कुरआनला हात लावायचा की नाही. नवऱ्याजवळ जायचं की नाही हेही कळत नाही. सासू विचारते, एवढे दिवस कसली पाळी? आणि दुसरा डोस घ्यायला ती येत नाही. आपण रजिस्टरमध्ये "त्रास झाल्याने बंद" असं लिहितो. फिक़्हमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, या गोष्टीचं उत्तर तयार आहे. हनफी मसलकमध्ये पाळी म्हणजे हैज़ कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त दहा दिवस धरतात. त्यापलीकडचं रक्त इस्तिहाज़ा, त्यात नमाज आणि रोजा दोन्ही आहेत, फक्त वज़ूचे नियम वेगळे. मधल्या दिवसांचा हिशेब बाईच्या नेहमीच्या पाळीवरून करतात, तो आलिमच सांगू जाणे. म्हणून मौलानांना विचारा की अशा बायकांना उत्तर कोण देईल. बहुतेक ठिकाणी मुलींच्या मदरशात शिकवणारी आलिमा असते किंवा मौलानांच्या पत्नी मसले सांगतात. त्या बाईंचं आणि तुमचं जमलं तर जुम्म्याच्या दहा बयानांपेक्षा जास्त काम होईल. बायका आपल्या बाजूने त्यांना विचारतात आणि त्या त्यांना तुमच्याकडे पाठवतात.

हीच गोष्ट हिंदू घरांत वेगळ्या नावाने आहे. डाग पडले की बाई बाजूला बसते, देवघर नाही, स्वयंपाक नाही, एकादशीला पोथी नाही. पंधरा दिवस बाजूला बसलेली सून कुठल्या सासूला परवडते? दोनच दिवसांत घरचं फर्मान निघतं की ते इंजेक्शन बंद कर. इथे कीर्तनकार महाराजांना आणण्याची कल्पना छान वाटते, आणि गाडगेबाबांनी कीर्तनातून काय काय केलं ते आपल्याला माहीत आहेच. पण सप्ताहाला आलेले महाराज काल्याचं कीर्तन करून दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी जातात. त्यांच्या तोंडून एखादा विषय निघाला तर वातावरण बदलतं, हे खरं. मी त्यांच्याकडून साधनांबद्दल बोलून घेत नाही. अठराच्या आत पोरीचं लग्न नको, आणि मुलगा होईपर्यंत सुनेला बाळंतपणं करायला लावू नका, एवढं मागते. हिंदू घरांत खरी अडचण बहुधा तीच असते. महाराष्ट्रात आजही वीस ते चोवीस वयाच्या पाच बायकांतल्या एकीहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे. मग विशीत दोन-तीन मुलं आणि पंचविशीच्या आत ऑपरेशन, मध्ये साधन काहीच नाही. ऊसतोडीच्या गावांत तर दसऱ्यानंतर जोडीने कोयत्यावर जायचं म्हणून पोरीचं लग्न उरकतात. अक्षय तृतीयेच्या आधीच्या सप्ताहात हा विषय निघाला तर वेळेवर निघतो.

रोजचं काम मात्र महिला भजनी मंडळात आहे. एकादशीला मंदिरात टाळ घेऊन बसणाऱ्या त्या बायका म्हणजे गावातल्या सासवाच. त्यांच्यात जाऊन बसा, भजन होऊ द्या, चहा होऊ द्या. मग त्यांच्याच बाळंतपणांची चौकशी करा. किती झाली, किती जगली, शेवटच्या वेळी अंगात किती ताकद होती. परभणीजवळच्या एका गावात एका आजींनी टाळ मांडीवर ठेवून सांगितलं की पाचव्या बाळंतपणानंतर वर्षभर त्यांना हंडा उचलवत नव्हता. मग शेजारणीकडे बघून म्हणाल्या, "पोरींला तरी उसंत द्या की." त्यानंतर डाग पडलेल्या सुनेने देवघरात यावं की नाही यावर त्यांच्यातच वाद झाला आणि निकालही त्यांनीच लावला: पाळीचे चार दिवस धरायचे, बाकीचं औषधाचं आहे. मला स्वतःला ते चार दिवसही मान्य नाहीत. पण तो वाद मी तिथे काढला नाही. त्या सुनेचं इंजेक्शन चालू राहिलं, ते मला जास्त महत्त्वाचं होतं.

बुद्धविहारात तुम्हाला फार अडचण येणार नाही. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला तेव्हा बाबासाहेबांनी तयार केलेलं भाषण त्यांचे सहकारी आमदार रोहम यांनी सभागृहात वाचलं होतं, हे तिथल्या जाणत्यांना माहीत असतं. तिथे प्रश्न धर्माचा कमी आणि पुरुषांनी जबाबदारी घेण्याचा जास्त आहे. बिनटाक्याच्या पुरुष नसबंदीबद्दल मोकळेपणाने बोलता येण्यासारखी ही जागा आहे, वापरा. पुढे कधी कॅथलिक वस्ती असलेल्या भागात बदली झाली तर लक्षात ठेवा की तिथे कृत्रिम साधनांना अधिकृत मान्यता नाही, १९६८ च्या पोपच्या पत्रानेही तेच कायम ठेवलं. फादरना निरोधबद्दल बोलायला लावणं म्हणजे त्यांना अडचणीत टाकणं. लग्नाआधीच्या वर्गात पाळीचं चक्र आणि नैसर्गिक पद्धती शिकवायची परवानगी मागा, ती मिळते. बाकीचं उपकेंद्रात.

काही गोष्टींवर मी अजिबात तडजोड करत नाही. कोणती बाई काय वापरते हे धर्मगुरूंना कधीही सांगायचं नाही, त्यांनी कौतुकाने विचारलं तरी. कोणाला समजवायचंय याची यादी त्यांना द्यायची नाही. पैसे, मानधन, शाल-श्रीफळ काही नाही, आणि फोटो तर नाहीच. मौलानांचा तुमच्या बॅनरसोबतचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरला की दुसऱ्या दिवसापासून ते सरकारचे माणूस ठरतात. अहवालाला फोटो हवा असेल तर रिकाम्या बैठकीचा द्या. आणि "नवऱ्याची परवानगी घेऊन या" असं जर त्यांनी सांगितलं तर तिथेच नम्रपणे सांगा की दोघांनी मिळून ठरवलं तर उत्तम, पण प्रौढ बाई एकटी आली तरी आम्ही तिला परत पाठवत नाही. नियमाने नवऱ्याची सही लागत नाही, ऑपरेशनलाही नाही. हे आधीच स्पष्ट झालेलं बरं.

नकार आला तर? येऊ शकतो. तेव्हा एवढीच विनंती करा की पाठिंबा नसला तरी विरोधात बोलू नका, आणि रक्तक्षय, बाळंतपण, लसीकरण यासाठी आम्हाला येऊ द्या. गप्प राहिलेले मौलानाही पुष्कळ झालं. वर्षभराने त्यांच्याच घरात सुनेचं अवघड बाळंतपण होतं आणि ते स्वतः फोन करतात, असं मी पाहिलं आहे. पण सगळी मदार त्यांच्यावर ठेवू नका. इराणमध्ये १९८९ पासून धर्मगुरूंच्या पाठिंब्याने उत्तम कार्यक्रम चालला, लग्नाआधी जोडप्यांना वर्ग सक्तीचे होते आणि जन्मदर झपाट्याने खाली आला. पुढे वरचं धोरण उलटं फिरलं आणि २०२१ च्या कायद्याने सरकारी केंद्रांतून मोफत साधनं देणंच बंद केलं. वरून मिळालेला होकार वरूनच काढून घेतला जातो. बाईला स्वतःला माहिती असेल आणि उपकेंद्राचं दार उघडं असेल, तर मौलाना बदलले, महाराज बदलले तरी तिचं अडत नाही.

काम होतंय की नाही हे बघायला किती बयानं झाली, किती कीर्तनं झाली ते मोजू नका. पहिला डोस घेतलेल्यांपैकी किती जणी तीन महिन्यांनी दुसऱ्याला आल्या, हा एकच आकडा आशाताईंसोबत दर महिन्याला बघा.

शेवटी तुमच्या गावापुरतं. रमजान जवळ येत असेल तर मौलानांची पहिली भेट त्याच्या महिनाभर आधी घ्या आणि एक प्रश्न नक्की विचारा: रोजात अंतराचं इंजेक्शन घेतलं तर चालेल का? स्नायूत दिलेल्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही असंच बहुतेक आलिम सांगतात, पण बायकांना ते त्यांच्या तोंडून ऐकू द्या. तरीही कोणाला रोजात नको असेल तर डोस ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधी देता येतो. आशाताईंकडून आत्ताच यादी करून घ्या की कोणाची तारीख रमजानमध्ये पडते.